जवळ दिसणे आणि जवळ असणे

संस्कृत शास्त्रकारांनी शाखाचंद्रन्याय नावाचा एक दृष्टान्त सांगून ठेवला आहे. लहान मुलाला बीजेची कोर दाखवायची असेल, तर आधी समोरच्या झाडाची फांदी दाखवावी आणि मग ‘त्या फांदीवर पाहा’ असे म्हणावे. चंद्र फांदीवर नसतो हे दाखवणाऱ्याला ठाऊक असते. फांदीचा उपयोग नजर वळवण्यापुरता. पण समजा, मुलाने चंद्र फांदीलाच लागलेला आहे असे धरले, आणि त्याला तसे वाटण्यासारखा पुरावाही रोज मिळत गेला, तर त्याची समजूत कशी काढायची? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खगोलशास्त्रज्ञांना नेमक्या याच प्रश्नाने जवळजवळ चाळीस वर्षे गुंतवून ठेवले. त्यात फांदीच्या जागी दीर्घिका होत्या, चंद्राच्या जागी क्वेसार होते, आणि ‘चंद्र फांदीवरच आहे’ हे म्हणणे गांभीर्याने घेणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत एक नाव आपल्या अगदी परिचयाचे होते: जयंत विष्णु नारळीकर.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतर धंतोलीतील आमच्या अभ्यासवर्तुळात, ज्यात बहुसंख्य मराठीचे अध्यापक आणि काही पदव्युत्तर विद्यार्थी असतात, त्यांच्या विज्ञानकथांवर बोलणे झाले. तेव्हा एका विद्यार्थिनीने साधा प्रश्न विचारला: त्यांनी विज्ञानात जे म्हटले ते खरे ठरले की नाही? आम्हा साहित्याच्या लोकांपाशी या प्रश्नाला दोनच उत्तरे तयार असतात. एक भक्तीचे: ते काळाच्या पुढे होते. दुसरे सोयीचे: ते आपले क्षेत्र नव्हे. ही दोन्ही उत्तरे आम्हाला अपुरी वाटतात, म्हणून हा लेख.

क्वेसारांचा इतिहास १९६३ साली सुरू होतो. ३सी २७३ या रेडिओ स्रोताच्या जागी दुर्बिणीतून ताऱ्यासारखा एक ठिपका दिसत होता. मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातील रेषा ओळखल्या, तेव्हा त्या आपल्या नेहमीच्या जागेपासून तांबड्या टोकाकडे सुमारे १६ टक्क्यांनी सरकलेल्या आढळल्या. या सरकण्यालाच मराठीत ताम्रसृती म्हणतात. विश्व प्रसरण पावते आणि जी वस्तू जितकी दूर तितकी तिची ताम्रसृती मोठी, हा नियम या ठिपक्याला लावला, तर तो दोन अब्ज प्रकाशवर्षांहूनही दूर ठरतो. एवढ्या अंतरावरून तो तेराव्या प्रतीच्या ताऱ्याइतका तेजस्वी दिसतो, म्हणजे मुळात त्याचे तेज शेकडो दीर्घिकांच्या एकत्रित तेजाहून अधिक असले पाहिजे. शिवाय अशा वस्तूंचे तेज काही महिन्यांत कमीजास्त होते, म्हणजे त्यांचा आकार फार लहान असला पाहिजे. इतक्या लहान जागेत एवढी ऊर्जा यावी कोठून? फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९६६ साली उलट बाजूने प्रश्न विचारला: अंतरच चुकले असेल तर? ताम्रसृतीचे कारण विश्वप्रसरण नसून दुसरेच काही असेल, आणि क्वेसार आपल्या शेजारचे असतील, तर ऊर्जेचे कोडे आपोआप सुटते.

या शंकेला दृश्य पुरावा पुरवला तो हाल्टन आर्प यांनी. पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या आर्प यांनी १९६६ साली ३३८ विलक्षण दीर्घिकांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. विस्कटलेल्या, शेपट्या फुटलेल्या, एकमेकींना ओढणाऱ्या दीर्घिकांचा तो संग्रह आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. त्या अभ्यासात त्यांना वाटू लागले की अशा दीर्घिकांच्या आसपास क्वेसार वाजवीपेक्षा जास्त दिसतात. १९७१ साली त्यांनी एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि तिच्या शेजारी दिसणारी मार्केरियन २०५ ही क्वेसारसदृश वस्तू यांच्यामध्ये प्रकाशाचा एक पूल असल्याचे सांगितले. दीर्घिकेची ताम्रसृती सेकंदाला सुमारे १,७०० किलोमीटर वेगाशी जुळणारी, तर तिच्या शेजारणीची सुमारे २१,००० किलोमीटरशी. दोघी खरोखर जोडलेल्या असतील, तर ताम्रसृतीवरून अंतर काढण्याची सगळी पद्धतच कोसळते. त्याच वर्षी बर्बिज पतीपत्नी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केंब्रिजच्या तिसऱ्या सूचीतील काही क्वेसार तेजस्वी दीर्घिकांच्या इतके निकट दाखवले, की ती निव्वळ योगायोगाची गोष्ट मानणे कठीण वाटावे.

आता ‘निव्वळ योगायोग’ हा शब्द नीट पाहिला पाहिजे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असे आपण म्हणतो तेव्हा एक मुद्दा विसरतो: न तुटलेल्या फांद्यांवर किती कावळे बसून गेले, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. आकाशात दीर्घिका असंख्य आहेत, क्वेसारही पुष्कळ आहेत. दोघे कोठेतरी शेजारी दिसणारच. एखादी जोडी आधी पाहून, ती जमण्याची शक्यता किती होती हे नंतर मोजले, तर उत्तर नेहमीच आश्चर्यकारक येते. आर्प यांच्यावर सर्वांत जास्त घेतला गेलेला आक्षेप हाच होता, आणि तो रास्त होता. पण सगळा वाद एवढ्यावर निकालात निघाला नाही. कारण पुढे पद्धतशीर मोजण्या झाल्या, त्यांतल्या काहींतही क्वेसारांजवळ दीर्घिकांची थोडी अधिक गर्दी दिसत राहिली.

नारळीकर या वादात उपरे नव्हते. कोल्हापुरात १९३८ साली जन्म, बनारसला शिक्षण, मग केंब्रिज आणि तेथे हॉइल यांचे शिष्यत्व. फेब्रुवारी १९६१ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणनेवरून स्थिर स्थिती सिद्धान्त मोडीत निघाल्याचे मांडले, तेव्हा हॉइल यांच्या वतीने उत्तर द्यायला उभे राहिले ते २२ वर्षांचे नारळीकर. अंधूक स्रोत उजळ स्रोतांच्या मानाने किती वेगाने वाढत जातात, या मोजणीतून विश्वाबद्दल काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हा त्या वादाचा गाभा होता. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे अनपेक्षित ठिकाणी परत येणार आहे.

१९६४ साली हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्यात कणाचे वस्तुमान हा त्याचा जन्मजात, अढळ गुण नव्हता. विश्वातील इतर द्रव्याशी असलेल्या संबंधातून ते ठरत होते. १९८० साली नारळीकर आणि पी. के. दास यांनी याच कल्पनेतून आर्प यांच्या निरीक्षणांचे स्पष्टीकरण दिले. दीर्घिकेच्या केंद्रातून नव्याने जन्मलेले द्रव्य बाहेर फेकले जाते. जन्मतः त्यातील कणांचे वस्तुमान नगण्य असते आणि काळानुसार वाढत जाते. हलक्या इलेक्ट्रॉनमुळे अणूंनी सोडलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त, म्हणून ताम्रसृती मोठी; वस्तू दूर नसून तरुण आहे इतकेच. वस्तुमान वाढते तसा तिचा वेग मंदावतो आणि ती आपल्या मातृदीर्घिकेच्या जवळपासच राहते. या कल्पनेची सुंदरता नाकारण्याचे कारण नाही. ताम्रसृती हा अंतराचा नव्हे, वयाचा दाखला ठरवणारी ही मांडणी गणिती शिस्तीची होती आणि तिच्यातून तपासता येण्यासारखे निष्कर्ष निघत होते.

आता कथेची दुसरी बाजू. प्रकाश वस्तुमानाजवळून जाताना वाकतो, हे २९ मे १९१९ च्या सूर्यग्रहणात तपासले गेले. सूर्याच्या कडेशी तो सुमारे पावणेदोन विकला वाकतो. हे वाकणे भिंगासारखे काम करील काय? रूडी मांड्ल या हौशी अभियंत्याच्या आग्रहावरून आइन्स्टाइन यांनी १९३६ साली यावर एक छोटा लेख लिहिला आणि असे दृश्य प्रत्यक्ष दिसण्याची फारशी आशा नाही, असे मत दिले. ते ताऱ्यांचा विचार करत होते. दुसऱ्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी दाखवले की ताऱ्याऐवजी संपूर्ण दीर्घिका भिंग म्हणून घेतली, तर असे दृश्य सापडणे जवळजवळ अटळ आहे. तरीही ते सापडायला १९७९ उजाडले. वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना एकमेकांपासून केवळ सहा विकलांवर असलेले दोन क्वेसार आढळले. दोघांची ताम्रसृती एकच, १.४१, आणि वर्णपट जणू एकाच हाताने लिहिलेले. ते दोन नव्हतेच. मध्ये ०.३६ ताम्रसृतीची एक दीर्घिका होती आणि तिने मागच्या एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा घडवल्या होत्या.

याचा घरगुती प्रत्यय घ्यायचा असेल, तर देठ असलेला काचेचा पेला घ्यावा आणि त्याच्या बैठकीच्या फुगीर काचेतून रस्त्यावरचा दूरचा दिवा पाहावा. काच हलवत गेले की एका दिव्याचे दोन होतात, मग दोन कंसांत पसरतात, आणि दिवा, देठ व डोळा एका रेषेत आले की प्रकाशाचे कडे उमटते. धंतोलीच्या रस्त्यांवर आता आकाशातले तारे फारसे दिसत नाहीत. पण हा प्रयोग करायला दिव्यांची वाण नाही.

१९७९ या वर्षाला मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. काही क्वेसारांतले रेडिओ तुकडे प्रकाशापेक्षा जास्त वेगाने एकमेकांपासून दूर जाताना दिसत होते. असा वेग अशक्य, म्हणून क्वेसार जवळचे असावेत, असाही तर्क त्यातून निघू शकत होता. अंतर कमी धरले की वेगही कमी भरतो. चित्रे आणि नारळीकर यांनी तो मार्ग न घेता सुचवले की मध्ये असलेल्या दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगामुळे हालचाल मोठी होऊन दिसत असेल. म्हणजे येथे क्वेसार दूरच आहे, दीर्घिका मध्ये आहे, आणि भिंग खरे आहे! हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. आपल्या दिशेने जवळजवळ प्रकाशवेगाने येणाऱ्या झोतांमुळे तसा भास होतो, असे आज मानले जाते. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की १९७९ साली क्वेसार दूर मानून लिहिणारे नारळीकर १९८० साली क्वेसार जवळ मानून लिहीत होते. याला कोणी धरसोड म्हणेल. आम्हाला त्यात सराव दिसतो: एका गृहीताखाली काय निष्पन्न होते ते पाहायचे, मग दुसऱ्याखाली काय होते तेही पाहायचे. चित्रे, डी. नरसिंह आणि कंदस्वामी सुब्रमण्यन यांनी पुढे त्याच संस्थेत गुरुत्वीय भिंगांच्या प्रतिमांवर महत्त्वाचे काम केले. कुलाब्याच्या एकाच इमारतीत वादाच्या दोन्ही बाजूंची गणिते शेजारीशेजारी मांडली जात होती.

मग क्वेसारांजवळच्या गर्दीचे काय? १९८१ साली क्लॉड कॅनिझारेस यांनी सुचवले की गर्दी खरी असली, तरी तिचा अर्थ वेगळा असू शकतो. दीर्घिका पुढे आहे, क्वेसार फार मागे आहे. पण दीर्घिकेच्या गुरुत्वाने मागच्या क्वेसारचे तेज वाढवले आहे. एरवी जो आपल्या सूचीत आलाच नसता, तो उजळ होऊन सूचीत आला. म्हणजे दीर्घिकेने क्वेसारला जन्म दिला नाही. तिने त्याला दृश्य केले.

हा युक्तिवाद वाटतो तितका सरळ नाही, आणि त्याचे सौंदर्य त्याच्या अडचणीतच आहे. भिंग दोन कामे करते. ते मागच्या प्रत्येक वस्तूचे तेज वाढवते. पण त्याच वेळी मागचे आकाशही ताणते, त्यामुळे तेवढ्याच जागेत कमी वस्तू उरतात. समजा, भिंगाने सर्व काही १० टक्क्यांनी वाढवले. आकाश ताणल्यामुळे १०० वस्तूंच्या जागी सुमारे ९१ उरतील. उलट, तेज वाढल्यामुळे आपल्या मर्यादेच्या किंचित खाली असलेल्या वस्तू वर येतील. त्या किती, हे अंधूक वस्तूंची संख्या कोणत्या वेगाने वाढते यावर अवलंबून आहे. तेजस्वी क्वेसारांच्या बाबतीत हा चढ फार तीव्र असतो: थोडे खाली उतरले की पुष्कळ नवे सापडतात. त्यांची भर २७ टक्क्यांची असेल, तर घट वजा जाऊनही सुमारे १५ टक्के वाढ उरते. अंधूक क्वेसारांत चढ मंद असतो. तेथे भर ५ टक्क्यांचीच असेल, तर ताणाची घट वरचढ ठरून उलट ५ टक्के तूट येते. म्हणून भिंगाचे स्पष्टीकरण खरे असेल तर दीर्घिकांजवळ तेजस्वी क्वेसारांची गर्दी दिसली पाहिजे आणि अंधूक क्वेसारांचा तुटवडा दिसला पाहिजे. आर्प यांचे म्हणणे खरे असेल, तर तुटवड्याला काहीच कारण नाही. आईजवळ मुले असायचीच, मग ती गोरी असोत वा सावळी.

येथे १९६१ ची बैठक परत येते. उजळ वस्तूंच्या मानाने अंधूक वस्तू किती वेगाने वाढतात, हाच तो प्रश्न. राइल यांच्याशी झालेल्या वादात जो चढ विश्वाच्या इतिहासाचा साक्षीदार होता, तोच आता गर्दीचा न्यायनिवाडा करणार होता.

निवाडा व्हायला वेळ लागला. १९८० आणि १९९० च्या दशकांतील मोजण्या परस्परविरोधी आल्या. कोठे गर्दी हिशेबाहून फार मोठी, कोठे काहीच नाही. सूची लहान होत्या आणि निरनिराळ्या पद्धतींनी केलेल्या होत्या. अखेर २००५ साली रायन स्क्रँटन आणि सहकाऱ्यांनी स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेतील सुमारे २ लाख क्वेसार आणि १ कोटी ३० लाख दीर्घिका घेऊन हे मोजले. तेजस्वी क्वेसार दीर्घिकांजवळ किंचित अधिक होते, मधल्या तेजाचे ना अधिक ना उणे, आणि अंधूक क्वेसार किंचित कमी. चिन्ह जेथे बदलायला हवे तेथेच बदलले. परिणाम लहान होता, आर्प यांनी सांगितलेल्या गर्दीच्या मानाने फारच लहान. पण त्याचा आकार भिंगाने भाकीत केलेला होता.

सुट्या प्रकरणांचेही निकाल लागत गेले. १९९२ साली हबल दुर्बिणीने घेतलेल्या मार्केरियन २०५ च्या वर्णपटात एनजीसी ४३१९ च्या ताम्रसृतीवर शोषणरेषा आढळली: त्या वस्तूचा प्रकाश दीर्घिकेतून गाळून आपल्यापर्यंत येत होता, म्हणजे ती दीर्घिकेच्या मागे होती. १९७९ च्या जुळ्या प्रतिमांपैकी एकीतला तेजाचा बदल दुसरीत सुमारे ४१७ दिवसांनी उमटतो, हेही १९९७ पर्यंत पक्के झाले. एवढे अंतर पडायला भिंग आणि क्वेसार दोन्ही विश्वाच्या मापानेच दूर असावे लागतात. चंद्र फांदीवर नव्हता.

तेव्हा विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही न कचरता देतो: या वादात नारळीकरांनी ज्या बाजूला आपल्या गणिताचे बळ दिले, ती बाजू टिकली नाही. स्थिर स्थिती सिद्धान्तावर १९६५ साली सापडलेल्या विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाने मोठा आघात केला होता. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह मांडलेले त्याचे सुधारित रूपही बहुसंख्य शास्त्रज्ञांना पटले नाही. असे लिहिणे म्हणजे अनादर, ही समजूत आपण सोडली पाहिजे. साहित्यात आपण ती केव्हाच सोडली आहे. थोर कवीच्या फसलेल्या कवितेला फसलेली म्हणताना आपला आवाज कापत नाही.

परंतु निकाल लागला म्हणून वाद व्यर्थ होता असे नाही. आर्प यांच्या हट्टामुळेच पुष्कळांनी क्वेसारांजवळचे आकाश मोजले. मोजले म्हणून गर्दी दिसली, गर्दी दिसली म्हणून भिंगाचा सूक्ष्म परिणाम शोधण्याला धार आली. आज हाच परिणाम अदृश्य द्रव्याचे वजन करण्यासाठी वापरला जातो. आणि एक गोष्ट विज्ञानसंस्थेच्या खात्यावर टीकेची म्हणून नोंदवावी लागेल. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आर्प यांना पालोमारच्या दुर्बिणीवर वेळ मिळेनासा झाला, आणि ते जर्मनीत म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत निघून गेले. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी मत बदलले नाही. चुकीचे मत मोजणीने हरवावे. दुर्बीण काढून घेऊन हरवले, तर ते चुकीचे होते हे सिद्ध व्हायचे राहूनच जाते. १९९० साली आर्प, बर्बिज, हॉइल आणि विक्रमसिंघे यांच्यासह ‘नेचर’मध्ये पर्यायी विश्वचित्राचा निबंध लिहिताना नारळीकर याच हक्कासाठी उभे होते, असे आम्हाला वाटते.

त्यांच्याच आयुष्यातील एक दुसरा प्रयोग या संदर्भात विलक्षण बोलका आहे. २००८ साली त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि सांख्यिकी जाणणारे सहकारी यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० पत्रिका जमवल्या. निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० द्यायच्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगायचे. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे दिली, बरोबर ठरली ती सरासरी ४६ टक्के. नाणे उडवूनही ५० टक्के जमली असती. या प्रयोगाचे बळ कशात होते? कसोटी आधी ठरली होती, उत्तरे नंतर आली. आर्प यांच्या जोड्यांत नेमकी हीच शिस्त नव्हती: जोडी आधी दिसली, संभाव्यता नंतर मोजली. पत्रिकांना लावलेली कसोटी नारळीकरांनी मित्राच्या क्वेसारांना तेवढ्याच कठोरपणे लावली का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकाराला टाळता येणार नाही.

आता साहित्याकडे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडले की हे नाव म्हणजे नारळीकरांची आद्याक्षरे उलट्या क्रमाने. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा मंगला नारळीकरांच्या हाताने लिहवून घेतली होती. आपण ही हकीकत गंमत म्हणून सांगतो. ती गंमत नव्हे. तो भिंग बाजूला करून केलेला मोजणीचा प्रयोग होता. आपल्या नावाने कथेचे तेज किती वाढेल हे त्यांना ठाऊक होते, आणि ती वाढ वजा केल्यावर काय उरते ते त्यांना पाहायचे होते.

साहित्येतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग मनावर घ्यावा. एखाद्या मोठ्या संपादकाभोवती, नियतकालिकाभोवती, विद्यापीठीय विभागाभोवती लेखकांची गर्दी दिसली की आपण लगेच ‘घराणे’, ‘संप्रदाय’, ‘प्रभाव’ असे जन्मसंबंध जोडतो. ‘सत्यकथे’भोवती दिसणारे सगळे खरोखर तिच्यातून जन्मले, की ती मध्ये होती म्हणून त्यांतले काही आपल्या डोळ्यांना दिसण्याइतके उजळले? आणि ज्या भिंगाने काहींना उजळवले, त्यानेच आसपासचे आकाश ताणून अंधूकांची संख्या घटवली नाही काय? नागपुरात बसून मराठीचा इतिहास वाचणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. विदर्भ साहित्य संघाला १९२३ पासूनची परंपरा असूनही पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांशी एका रेषेत न आलेले लेखक आपल्या सूचीत विरळ आहेत. ते मुळात विरळ होते की ताणामुळे विरळ झाले, हे तक्रार करून कळणार नाही, मोजून कळेल. तेजस्वी नावांजवळ गर्दी आहे एवढे दाखवून भागणार नाही. अंधूक नावांचा तुटवडाही त्याच ठिकाणी आहे का, हे जुन्या अंकांच्या अनुक्रमणिका, नाकारलेल्या हस्तलिखितांचे उल्लेख, जिल्ह्याजिल्ह्यांतली बंद पडलेली मासिके पाहून तपासावे लागेल.

उपमेची मर्यादा आम्हाला ठाऊक आहे. गुरुत्वाकर्षण आवडनिवड करत नाही, संपादक करतो. आणि लेखक एकमेकांना वाचतात, क्वेसार वाचत नाहीत. म्हणून साहित्यात खरे जन्मसंबंधही असतात आणि ते शोधावेच लागतात. पण शेजार हा संबंधाचा पुरावा नव्हे, संबंध शोधण्याचे निमित्त आहे, एवढे या वादातून घेता येईल. नारळीकरांच्या बाबतीत बोलायचे, तर त्यांच्या नावाचे भिंग आता आपल्या हातात आहे. त्यांची प्रत्येक ओळ त्यातून मोठी करून पाहणे सोपे आहे. ‘कृष्णविवर’ स्पर्धेला पाठवताना त्यांनी आपल्याला दुसरा मार्ग दाखवला होता: लेखन जगतापांचे आहे असे समजून वाचावे, आणि मग जे उरेल ते त्यांचे मानावे.